गढूळ पाण्यातली वीज: मुशी, पाकट आणि आपल्या नदीतला शिवडा

पावसाळ्यात वैनगंगेच्या पाण्यात हात बुडवला तर कोपराखालचे काही दिसत नाही. अशा पाण्यात, तेही रात्रीच्या अंधारात, शिवडा आपले भक्ष्य नेमके धरतो. मागूर चिखलात दडलेला किडा शोधून काढते. शिंगाळा तळाशी फिरत राहतो आणि उपाशी राहत नाही. या माशांना तिथे नक्की काय कळते?

याचे नेहमीचे उत्तर आहे ‘मिशा’. ते खोटे नाही. मिशांनी या माशांना स्पर्श कळतो आणि चवही कळते. पण उत्तराचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. या माशांना पाण्यातली वीज कळते. समुद्रातल्या मुशी (शार्क) आणि पाकट (रे) ज्या शक्तीसाठी जगभर प्रसिद्ध आहेत, तीच शक्ती समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, चंद्रपूर-गडचिरोलीच्या नद्यांत आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांतही नांदते आहे.

मुशी-पाकटांची रचना मोठी आणि स्पष्ट असते, म्हणून आधी ती टप्प्याटप्प्याने समजून घेऊ. मग आपल्या नदीकडे येऊ. विजेचे शिक्षण नसले तरी काही अडणार नाही. लागतील ते चार-पाच शब्द वाटेत उलगडत जाऊ.

पाण्यात वीज येते कुठून?

इथे तारेतली वीज डोळ्यांसमोर आणू नका. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण होतात. त्यांना आयन म्हणतात. काही आयन धन असतात, काही ऋण. ते एका जागेहून दुसरीकडे सरकले की झाली वीज. तिला तार लागत नाही, खारे पाणी पुरते.

माशाच्या शरीरातला खारेपणा आणि बाहेरच्या पाण्यातला खारेपणा सारखा नसतो. नदीतल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट, म्हणून त्याचे क्षार सतत बाहेर झिरपतात. समुद्रातल्या बहुतेक हाडांच्या माशांचे उलटे. तिथे समुद्रच अधिक खारा, म्हणून क्षार आत शिरतात. दोन्हीकडे मासा कल्ल्यांतून क्षारांची ने-आण करून तोल राखतो. ही ने-आण थांबली तर मासा मरतो.

बाकीच्या अंगावर खवले आणि जाड कातडी असते. कल्ले आणि तोंडाचा आतला पडदा मात्र पातळ. आयनांची गळती तिथेच जास्त होते. त्यामुळे जिवंत माशाच्या डोक्याभोवती विजेचे एक अगदी क्षीण क्षेत्र सदैव असते. क्षेत्र म्हणजे विजेचा प्रभाव जाणवेल एवढा भोवतालचा भाग. मासा श्वास घेतो तेव्हा तोंड आणि कल्ले उघडतात-मिटतात, तशी ही वीज कमी-जास्त होते. श्वासाच्या ठेक्याने ती हलत राहते.

म्हणून मासा वाळूत पुरून घेऊन निश्चल पडला, तरी श्वास चालू असेपर्यंत तो लपलेला नसतो.

ही वीज किती दूर पोहोचते?

गैरसमज इथूनच सुरू होतो. मुशीला मैलभर अंतरावरची शिकार विजेने कळते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. माशाच्या विजेला धन आणि ऋण अशी दोन टोके असतात आणि ती जवळजवळ असल्यामुळे थोडे दूर गेले की एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. अंतर दुप्पट झाले की क्षेत्राचा जोर निम्मा नाही, तर एक-अष्टमांश होतो. तिप्पट झाले की सत्ताविसावा भाग.

त्यामुळे मुशीचे हे इंद्रिय भक्ष्यापासून साधारण हातभर अंतरात कामाला येते. दुरून वास येतो, जवळ आल्यावर पाण्याची हालचाल आणि नजर मदत करते, आणि शेवटच्या हातभर टप्प्यात वीज सांगते की तोंड नेमके कुठे घालायचे. हल्ल्याच्या क्षणी अनेक मोठ्या मुशी डोळे झाकून घेतात. त्या क्षणी भिस्त उरते ती विजेच्या जाणिवेवरच.

पाकटाचे तर याहून अडचणीचे. त्याचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली. आपण काय खातो आहोत हे त्याला कधीच दिसत नाही. वाळूतले शिंपले आणि खेकडे तो पोटाखालच्या विजेवर शोधतो.

कातडीवरची छिद्रे आणि आतल्या कुप्या

कोकणात बाजारात ताजी मुशी दिसली तर तिचे नाक जवळून पाहा. नाकाभोवती आणि तोंडाखाली बारीक काळसर ठिपके विखुरलेले दिसतील. ती छिद्रे आहेत. आसपास हलके दाबले तर त्यांतून पारदर्शक, चिकट द्रव बाहेर येतो.

इटलीच्या स्टेफानो लोरेन्झिनी याने 1678 मध्ये या छिद्रांचे आणि त्यांच्याखालच्या रचनेचे सविस्तर वर्णन केले. आजही त्यांना लोरेन्झिनीच्या कुप्या म्हणतात. पण त्या कशासाठी आहेत हे कळायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षे लागली. मधल्या काळात कोणी त्यांना स्पर्शाचे इंद्रिय म्हटले, कोणी तापमानाचे, कोणी दाबाचे. या कुप्या थंडीला आणि दाबाला थोडा प्रतिसाद देतातही, त्यामुळे फसगत होणे साहजिक होते.

रचना अशी आहे. प्रत्येक छिद्रापासून कातडीखाली एक नलिका जाते. काही नलिका बोटाएवढ्या लांब असतात, मोठ्या पाकटांत त्याहूनही लांब. नलिकेच्या आतल्या टोकाला फुगीर कुपी असते आणि कुपीच्या अस्तरात विजेची जाणीव असणाऱ्या पेशी बसवलेल्या असतात. जातीनुसार अशी शेकडो ते दोन-तीन हजार छिद्रे असतात.

नलिकेच्या भिंती वीज बाहेर झिरपू देत नाहीत. आतला चिकट द्रव मात्र वीज उत्तम वाहून नेतो. 2016 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मोजमाप करून दाखवले की हायड्रोजनचे धन कण वाहून नेण्यात तोवर माहीत असलेल्या कुठल्याही जैविक पदार्थापेक्षा हा द्रव सरस आहे. परिणाम असा की छिद्राच्या तोंडाशी विजेची जी पातळी असते, ती जवळजवळ तशीच आतल्या कुपीपर्यंत पोहोचते.

आता कुपीतल्या पेशीची एक बाजू छिद्रापाशी काय चालले आहे ते अनुभवते आणि दुसरी बाजू शरीराच्या आत काय चालले आहे ते. या दोन पातळ्यांतला फरक म्हणजे व्होल्टेज. पेशी मोजते तो हा फरक. नलिका जितकी लांब तितक्या दूरच्या दोन जागांची तुलना होते, आणि तितका फरक मोठा मिळतो. समुद्री पाकटांच्या नलिका लांबलचक का, त्याचे कारण इतकेच.

किती बारीक फरक कळतो?

डच शास्त्रज्ञ ॲड्रियानस काल्माइन यांच्या प्रयोगांतून निघालेला आकडा असा: मुशीला 1 सेंटीमीटर अंतरात सुमारे 5 नॅनोव्होल्ट एवढा फरकही कळतो. नॅनोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा शंभर कोटीवा भाग.

आकडा डोक्यात बसावा म्हणून घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल घेऊ. त्याची दोन टोके समुद्रात 3,000 किलोमीटर अंतरावर बुडवली आणि दीड व्होल्ट त्या सगळ्या अंतरावर समान वाटला गेला असे समजा. दर सेंटीमीटरला येणारा वाटा हाच, 5 नॅनोव्होल्ट. भारताची उत्तर-दक्षिण लांबी 3,214 किलोमीटर आहे.

एवढा सूक्ष्म फरक पेशीला कळतो कसा? 2017 मध्ये निकोलस बेलोनो, डंकन लीच आणि डेव्हिड ज्युलियस यांनी स्केट नावाच्या पाकटवर्गीय माशावर काम करून याचा महत्त्वाचा धागा सोडवला. पेशीच्या पडद्यात आयनांना ये-जा करू देणारी सूक्ष्म दारे असतात. त्यांतली कॅल्शियमची दारे अगदी थोड्या व्होल्टेज-बदलाने उघडतात. कॅल्शियम आत आले की पोटॅशियमची दारे उघडतात आणि पेशी पुन्हा मूळ स्थितीकडे येते. ही उघडझाप चालू राहते आणि तिच्यातूनच बारीक बदल मोठा होऊन पुढे जातो.

पुढची गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते. या कुपीला जोडलेला मज्जातंतू कधीच गप्प नसतो. बाहेर काही नसतानाही तो ठरावीक ठेक्याने संदेश पाठवत असतो. वीज आली की ठेका जलद होतो किंवा मंदावतो. गप्प असलेल्या तंतूला जागे करायला एक किमान धक्का लागला असता. चालू ठेका किंचित बदलायला अगदी अल्प कारण पुरते.

मुशीच्या बाबतीत छिद्रापाशी ऋण बाजू आली की ठेका वाढतो आणि धन बाजू आली की कमी होतो. हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

स्वतःची वीज वगळायची कशी?

मुशीलाही श्वास घ्यावा लागतो आणि तिच्याही कल्ल्यांतून वीज झिरपते. मग तिला सगळीकडे स्वतःच का जाणवत नाही?

मुशीच्या श्वासाचा परिणाम तिच्या सगळ्या कुप्यांवर जवळपास सारखा होतो. भक्ष्याचा परिणाम मात्र काही कुप्यांवर जास्त आणि काहींवर कमी. मेंदूचा मागचा भाग, जिथे हे संदेश पोहोचतात, सर्वत्र सारखे असलेले वगळतो आणि वेगळे असलेले पुढे पाठवतो. शिवाय स्वतःच्या श्वासाचा ठेका तो शिकून घेतो आणि तेवढा भाग वजा करत राहतो. हे जमले नसते तर इतक्या नाजूक कुप्यांचा काही उपयोग झाला नसता.

वगळल्यानंतर उरते दिशा शोधण्याचे काम. एकच कुपी दिशा सांगू शकत नाही. मुशी डोके डावी-उजवीकडे हलवत पोहते तेव्हा निरनिराळ्या कुप्यांवरचा परिणाम बदलतो आणि त्यावरून भक्ष्याची जागा निश्चित होते. हातोडी-मुशीचे डोके रुंद, म्हणून ती एका फेरीत वाळूचा रुंद पट्टा तपासू शकते. करवत माशाच्या लांब करवतीवरही अशी छिद्रे पसरलेली असतात.

हे सिद्ध कसे झाले?

वास, नजर, हालचाल, वीज अशा चार शक्यतांतून एक वेगळी काढायची म्हणजे बाकीच्या तीन बंद कराव्या लागतात. काल्माइन यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच पद्धतीने जातो. शालेय पुस्तकांत तो असायला हवा असे मला वाटते.

त्यांनी टाकीच्या तळाशी वाळूत एक जिवंत चपटा मासा पुरला. छोट्या जातीची मुशी आली आणि तिने नेमकी तिथलीच वाळू उकरली. नजर वगळली गेली, कारण मासा दिसतच नव्हता.

मग तो मासा अगारच्या पेटीत ठेवला. अगार म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेली जेली. तिच्यातून वीज जाते. पेटीतले पाणी नळीने दूर नेऊन सोडले, म्हणजे वास एका जागी आणि मासा दुसऱ्या जागी. मुशी माशावरच आली.

पुढे पेटीत जिवंत माशाऐवजी मेलेल्या माशाचे तुकडे ठेवले. आता मुशी पेटीकडे न येता, जिथून वासाचे पाणी बाहेर पडत होते तिथे शोधत राहिली.

मग जिवंत मासा पुन्हा ठेवून पेटीवर अगदी पातळ प्लास्टिकचा पडदा पसरला. पडदा इतका पातळ की पाण्याची हालचाल त्यातून जाईल, वीज मात्र जाणार नाही. मुशी वरून निघून गेली. तिला काही कळले नाही.

शेवटी मासा काढूनच टाकला. वाळूत दोन इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पाण्यात सोडणारी टोके, पुरून माशाएवढी क्षीण वीज सोडली. मुशीने इलेक्ट्रोड उकरून चावायचा प्रयत्न केला. यानंतर शंकेला जागा उरली नाही.

आता आपली नदी

मुशीच्या आधीच एका मिशाळ माशाने हे गुपित दाखवले होते. 1917 मध्ये अमेरिकेत पार्कर आणि वॅन ह्यूसेन यांनी मिशाळ माशाचे डोळे झाकून त्याच्याजवळ काचेची कांडी नेली. कांडी अंगाला लागेपर्यंत तो हलला नाही. धातूची कांडी नेली तेव्हा मात्र काही सेंटीमीटरवरूनच त्याने प्रतिसाद दिला. धातू पाण्यात बुडाला की त्याच्या पृष्ठभागावर क्षीण वीज तयार होते. माशाला तीच कळत होती.

आपल्याकडचे शिवडा, शिंगाळा, टेंगरा, मागूर आणि शिंगी हे याच मिशाळ माशांच्या मोठ्या कुळातले. रोहू, कटला, मृगळ आणि मरळ यांना हे इंद्रिय नाही. एकाच मामा तलावात, एकाच जाळ्यात येणाऱ्या माशांपैकी काहींना पाण्यातली वीज जाणवते आणि काहींना अजिबात नाही.

पण नदीतल्या माशाच्या डोक्यावर मुशीसारखी छिद्रे शोधायला गेलात तर ती सापडणार नाहीत. बरेच जण इथे निराश होतात. छिद्रे असतात, डोक्यावर दाट आणि अंगावर विरळ, पण साध्या डोळ्यांना दिसू नयेत इतकी बारीक. त्यांच्याखालची नलिका तर मिलिमीटरच्याही अंशाएवढी. बोटभर लांब नलिकेचे इथे इतके आखूड रूप का?

कारण पुन्हा मीठ. समुद्राचे पाणी नदीच्या पाण्यापेक्षा साधारण शंभरपट सहज वीज वाहू देते. समुद्रात बाहेरची वीज मुशीच्या अंगातूनही जाते, म्हणून दूरच्या दोन जागांची तुलना करायला लांब नलिका हवी. नदीत पाणी गोडे, माशाचे अंग आतून खारट आणि कातडी विजेला अडवणारी. त्यामुळे माशाच्या शरीरात सगळीकडे विजेची पातळी जवळपास एकच राहते आणि सगळा फरक कातडीच्या आत-बाहेर एकवटतो. तो मोजायला नलिकेने कातडी ओलांडली की पुरे.

याचा पुरावा दोन्ही बाजूंनी मिळतो. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत कायमचे वसलेले पाकट आहेत. त्यांच्या कुप्या आखूड, कातडीतच मावणाऱ्या. उलट समुद्रात गेलेल्या काही मिशाळ माशांच्या नलिका लांब झाल्या आहेत.

नदीतल्या मिशाळ माशाची जाणीव मुशीइतकी बारीक नाही. त्याला साधारण 1 सेंटीमीटरला 1 मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग, एवढा फरक लागतो. दीड व्होल्टच्या त्याच सेलची टोके आता 15 किलोमीटरवर येतात, चंद्रपूर ते बल्लारपूर एवढ्या अंतरावर. नदीच्या गढूळ तळाशी वीतभराच्या आतला किडा किंवा लहान मासा हेरायला हे पुरेसे आहे.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. मुशीत ऋण बाजूने ठेका वाढतो. मिशाळ माशात नेमके उलटे, धन बाजूने वाढतो. एकच इंद्रिय वारशाने आले असते तर असे उलटे झाले नसते. जबड्याच्या माशांच्या अगदी जुन्या पूर्वजांत ही शक्ती होती. मुशी, पाकट, फुप्फुसमासे आणि स्टर्जन यांच्याकडे ती राहिली. आजच्या बहुसंख्य हाडांच्या माशांच्या पूर्वजांनी ती गमावली. पुढे मिशाळ माशांच्या कुळात ती नव्याने उभी राहिली, वेगळ्या वाटेने.

या इतिहासाची काही पाने याच परिसरात दगडांत आहेत. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. त्याच्या नावाने ओळखले जाणारे ज्युरासिक काळातले थर नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत. मुख्यतः गोड्या पाण्यात साचलेल्या या थरांतून हाडांच्या माशांचे सुंदर जीवाश्म मिळाले, आणि त्याच थरांतून मुशीच्या एका लहान जातीचे दातही. 1986 मध्ये तिला लॉन्किडियन इंडिकस असे नाव देण्यात आले. चंद्रपूरच्या दक्षिणेला, सीमेपलीकडच्या आसिफाबादजवळ क्रेटेशियस काळाच्या अखेरच्या थरांत पाकटांचे दात सापडले आहेत.

कुपीसारखा मऊ अवयव दगडात टिकत नाही. पण आजच्या सगळ्या मुशी-पाकटांत तो आहे, म्हणून त्या प्राचीन मुशीतही तो होता असे मानायला भक्कम आधार आहे. प्राणहितेच्या खोऱ्यात विजेवर शिकार करणारे मासे तेव्हाही होते आणि आजही आहेत, फक्त कुळ बदलले.

कुठे चुकते?

पहिली चूक म्हणजे वीज जाणणे आणि वीज निर्माण करणे एकच समजणे. शिंगीचा काटा लागला की हात झिणझिणतो आणि ‘करंट लागला’ असे म्हटले जाते. तो करंट नसतो. शिंगीच्या छातीच्या परांच्या काट्यांत विष असते, वेदना त्याची. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवावा आणि सूज किंवा वेदना वाढली तर दवाखान्यात जावे. आपल्या नद्यांतला कुठलाही मिशाळ मासा विजेचा झटका देत नाही. झटका देणारा पाकट समुद्रात असतो, आणि त्याचे वीज निर्माण करणारे अवयव या कुप्यांपेक्षा पूर्ण वेगळे.

दुसरी चूक भूकंपाची. जपानमध्ये हाताई आणि आबे यांनी 1932 मध्ये नोंदवले की ज्या टाकीतले पाणी जमिनीशी विजेने जोडलेले होते, तिथले मिशाळ मासे भूकंपाआधी अधिक संवेदनशील होत. 4 डिसेंबर 2024 रोजी तेलंगणातल्या मुलुगूजवळ 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि धक्के गडचिरोली-चंद्रपुरात जाणवले. अशा वेळी ‘माशांना आधी कळते’ हे बोलणे पुन्हा सुरू होते. जपानमधले निरीक्षण अभ्यासण्यासारखे आहे, पण मासा बेचैन होण्याला दुसरी शंभर कारणे असतात आणि त्यावरून कोणी इशारा देऊ शकत नाही.

तिसरी चूक, भक्ष्य नेहमीच हतबल असते असे मानणे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंड्याच्या कोषात वाढणाऱ्या बांबू मुशीच्या पिल्लांजवळ शिकाऱ्यासारखी वीज सोडली, तेव्हा पिल्लांनी श्वासाची हालचालच थांबवली. श्वास थांबला की त्यांची स्वतःची वीजही स्थिर होते आणि शिकाऱ्याला माग लागणे कठीण जाते.

स्वतः पाहायचे असेल तर

पार्कर आणि वॅन ह्यूसेन यांचा प्रयोग घरी किंवा शाळेत सौम्यपणे करून पाहता येतो. सेल, बॅटरी किंवा घरातली वीज यांतले काहीही वापरायचे नाही. पाण्यात विजेची तार घालणे जीवघेणे आहे.

ओळखीच्या मासेमार ढीवर काकांकडून एक जिवंत देशी मागूर मागून घ्या. शिंगी नको, काट्याचा धोका आहे. मागूरही हाताने धरू नका, तिलाही काटे असतात. प्लास्टिकचे रुंद घमेले घ्या, लोखंडी घमेल्याने प्रयोग बिघडतो. पाणी शक्यतो नदीचे किंवा तलावाचे असावे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी क्षीण वीज लवकर विरवते. मासा पाण्यात ठेवून निदान एक रात्र शांत राहू द्या. ही पायरी गाळली तर भेदरलेला मासा कशालाही दचकतो आणि आपल्याला चुकीचे उत्तर मिळते.

सारख्या जाडीच्या दोन कांड्या लागतील, एक काचेची आणि एक धातूची. धातूसाठी तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार शेजारी ठेवून वरच्या टोकाला पिळून घ्या आणि खालची टोके बोटभर अंतरावर राहू द्या. दोन वेगळे धातू पाण्यात आपोआप क्षीण वीज तयार करतात. चकचकीत स्टीलचा चमचा घेतला तर परिणाम इतका कमी असतो की प्रयोग फसला असे वाटते.

संध्याकाळी मंद उजेडात, सावली पाण्यावर पडणार नाही असे बसून, कांडी हळूहळू माशाच्या डोक्याजवळ न्या. पाणी हलले तर मासा लाटेला प्रतिसाद देईल, विजेला नाही. कधी काच आधी, कधी धातू आधी असे आलटूनपालटून करा आणि प्रत्येक वेळी मासा किती अंतरावर हलला ते वहीत लिहा. एकदा जमले म्हणून निष्कर्ष काढू नका. दहा-वीस नोंदी झाल्या की फरक आहे की नाही ते दिसेल. शक्य असेल तर कोणती कांडी आहे हे नोंद करणाऱ्याला सांगू नका, कारण आपल्याला जे दिसायला हवे असते तेच दिसते.

प्रयोग झाला की मासा ज्या तलावातून आला तिथेच सोडा. तो देशी मागूरच आहे, थाई मागूर नाही, याची खात्री ढीवर काकांकडून आधी करून घ्या. थाई मागूर पाळण्यावर आपल्याकडे बंदी आहे. तो मोठा, खादाड आणि आफ्रिकेतून आलेला मासा आहे, आणि गढूळ पाण्यात अंधारात शिकार करण्यासाठी हेच इंद्रिय त्याच्याकडेही आहे. तो मामा तलावात शिरला तर तिथल्या लहान माशांना लपायला जागा उरत नाही.

आणि एक विनंती. काही ओढ्यांत तार टाकून, करंट सोडून मासे मारले जातात. त्या विजेचा या इंद्रियाशी संबंध नाही. ती सगळ्या माशांचे स्नायू आखडून टाकते, पिल्ले आणि किडेही मारते आणि पाण्यात उतरलेल्या माणसाचाही जीव घेते. आपल्या गावच्या ओढ्यात हे होत असेल तर ग्रामसभेत बोला आणि ते थांबवा.